अम्माची आगाऊ ताहिरी

उल्हासनगरला राहायला येऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात मी एका परक्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेतात आणलं. तेही अभिनंदन करून. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की माझी मुलगी म्हणते, "बाबा, लोक चोरून कान भरून लग्नं मोडतात. हातात हात घेऊन मोडणारे तुम्ही एकटेच." तेव्हा आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मध्ये बोलायला नको.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. लग्न नुकतंच झालं होतं. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, कॅम्प नंबर चारमध्ये, एका सिंधी म्हातारीच्या घराची मागची खोली आम्हाला भाड्याने मिळाली. घर म्हणजे पूर्वीची लष्करी बराक. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी या बराकींत गोणपाटाचे पडदे बांधून संसार मांडले, मग पडद्यांच्या जागी भिंती आल्या आणि भिंतींवर देवांचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो आले. पुढच्या खोल्यांत मालकीण एकटी राहायची. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

एका शुक्रवारी सकाळी मी डबा घेऊन कामावर निघालो, तर अम्माने अंगणात अडवून हातावर ताटली ठेवली. पिवळाधमक गोड भात, त्याला बडीशेप आणि वेलदोड्याचा वास, बाजूला उकडलेले छोले.

"खा पुट. ताहिरी आहे. नाक्यावरच्या फर्निचरवाल्याच्या मुलीचं लगीन पक्कं झालं."

पुट म्हणजे मुलगा. तोंडात गोड भात आणि कानात 'पुट', अशा अवस्थेत माणूस उदार होतो. आम्ही आमची पहिली खाट त्याच फर्निचरवाल्याकडून घेतली होती. म्हटलं, जाता जाता दोन शब्द बोलून जाऊ. दुकानात शिरलो तेव्हा शेठ दोन पाहुण्यांसमोर बसले होते, चहा चालला होता. मी सरळ त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्या खास हिंदीत ओरडलो, "मुबारक हो शेठ! लडकी की शादी पक्की हो गई!"

शेठचा हात माझ्या हातात थंड पडत गेलेला मला अजून आठवतो. दोघांपैकी वयस्कर पाहुण्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "किसके साथ?"

ते मुलाचे वडील होते. दुसरे मुलाचे मामा. मुलगी बघून झाली होती, होकार द्यायचा की नाही ते अजून ठरलं नव्हतं. इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "वो तो मालूम नहीं, लेकिन चावल बँट गया है."

संध्याकाळी मी घुश्शातच अम्मासमोर उभा राहिलो. ती खाटेवर वाळत घातलेले पापड उलटत होती.

"अम्मा, लग्न ठरलेलंच नव्हतं!"

"ठरेल ना."

"मग ठरल्यावर वाटायचा ना भात!"

"ठरल्यावर सगळेच वाटते," ती म्हणाली. "त्यात काय मोठं?"

ते पाहुणे काही परत आले नाहीत. पुढे त्या मुलीचं लग्न झालं, छान झालं, कॅम्प पाचमधल्या एका कापडवाल्याशी. मी अम्माला टोचलंच, की तुमची ताहिरी तर भलत्याच मुलाची निघाली. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "लगीन कोणाशी, ते मी कुठे बोलली?" मी मात्र पुढे कितीतरी वर्षं स्टेशनला मागच्या गल्लीने जात होतो. त्या गल्लीत गटार उघडं होतं. तरी मागचीच गल्ली.

अम्मा ठेंगणी होती. पांढरी सलवार, पांढरा कुडता, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि चष्म्याच्या एका काडीच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. कुणीही दारात आलं, मग तो पोस्टमन असो की भांडायला आलेला शेजारी, त्याच्यापुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला यायचाच. तोंडात पापड असताना नीट भांडता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. ती काही संतबिंत नव्हती. पाण्याची मोटर चालू असताना कुणी मध्येच बादली भरून घेतली तर तिचा आवाज वालधुनी नदीच्या पलीकडे जायचा. पापड मोडलेला दिसला की पहिला संशय भाडेकरूंवर. आणि मधली भिंत इतकी पातळ, की आम्हा नवराबायकोचं भांडण रंगात आलं की पलीकडून निकाल यायचा, "पुट, चूक तुझी आहे!" आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली, पण भांडताना एका ठरावीक टप्प्यावर मी अजून भिंतीकडे बघतो.

तिच्या खोलीत एका फळीवर मत्स्यावर बसलेल्या झुलेलालची, सिंध्यांच्या देवाची, तसबीर होती; तो तिचा 'साईं', म्हणजे मालक. समोर तेवती ज्योत आणि तांब्याच्या लोट्यात पाणी. गल्लीतलं कुणीतरी आपलं गाऱ्हाणं घेऊन यायचं. नोकरी गेली, पोर आजारी, कोर्टाची तारीख. अम्मा ऐकून घ्यायची, फळीपुढे जायची आणि बाजारात ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं एखादं वाक्य बोलायची. बस्स. मग बाहेर येऊन अंगणात तीन विटा मांडायची, त्यावर पातेलं चढवायची आणि ताहिरी करायची. काम झाल्याची. काम झालेलं नसताना.

"अम्मा, आणखी एकदा सांगा ना साईंना," कुणी काकुळतीला यायचं.

"एकदा सांगितलं. तो बहिरा नाय."

मी देव मानत होतो, नाही असं नाही. पण माझा देव म्हणजे नगरपालिकेचं ऑफिस. विनंती करायची, चकरा मारायच्या, साहेब जागेवर नाहीत असं समजून पुन्हा उद्या जायचं. काम झालंच तर एक नारळ, आणि तोही मिळेल तेवढा लहान. आधी नारळ फोडून मग काम सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मला वाटायचं, देवावर इतका भार टाकणारं माणूस नंतर स्वस्थ बसत असेल. अम्माला ताहिरी वाटल्यावर बसायला फुरसत नसायची. फर्निचरवाल्याच्या मुलीसाठी ती पायाला भिंगरी लावून पाचही कॅम्पांत स्थळं शोधत फिरली होती. गल्लीतला एक रिक्षावाला पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा सकाळी त्याच्या बरं होण्याचा भात वाटून दुपारी ती सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभी होती आणि पुढे घुसणाऱ्यांना ओढणी खोचून मागे ढकलत होती.

मी विचारलं, "साईंना सांगितलंय ना? मग तुम्ही कशाला धावता?"

"लोकांनी भात खाल्ला ना पुट. आता साईंची इज्जत माझ्या हातात."

रिक्षावाला बरा झाला. पण फसलेल्या ताहिऱ्याही मी पाहिल्या. शेजारच्या शिंप्याचं बंद पडलेलं दुकान कधीच उघडलं नाही, तो शेवटी कुटुंब घेऊन इंदूरला निघून गेला. त्या दिवशी मी मुद्दाम अम्माच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने त्यांच्याबरोबर प्रवासासाठी पापडांची पिशवी दिली, रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली आणि आत जाताना एवढंच म्हणाली, "खैर आहे." म्हणजे, सगळं ठीक आहे. सिंधीतलं 'आहे' आणि आपलं 'आहे' एकच. त्यामुळे तिचं ते वाक्य मला नेहमी अर्धं आपल्या घरातलं वाटायचं. बाकीचं अर्धं कळायला मला वेळ लागला.

आता मुख्य गोष्ट.

आमची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांना सांगून बसलो होतो, दुसऱ्या वेळी थोड्यांना. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवरच्या आमच्या गावाहून माझी आई येऊन राहिली आणि तिने घरात कायदा लागू केला. कुणाला सांगायचं नाही. झबलं, दुपटं, लोकर, काही म्हणजे काही आणायचं नाही. डोहाळजेवण नाही. बाळ हा शब्दसुद्धा घरात काढायचा नाही. "आपण हसलो का कुणीतरी बघतंय," ती म्हणायची. आम्ही तिघं घरात अशी वावरत होतो, जणू चोरीचा माल लपवलाय.

अम्माला अर्थात सगळं ठाऊक होतं. भिंतच तसली. पण ती काही बोलली नाही. फक्त हिला बादली उचलताना बघितलं की मोटर बंद करून स्वतः येऊन पाणी भरून द्यायची. मोटर बंद करून! ज्यांनी अम्मा पाहिली नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही.

सातव्या महिन्यात एका पहाटे हिला कळा सुरू झाल्या. रिक्षाने कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं. मुलगी झाली. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती काचेच्या पेटीत होती, आणि मला आधी वाटलं, पेटीत नुसतं दुपटंच ठेवलंय. मग त्या दुपट्यात काहीतरी हललं. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावली असती एवढी. डॉक्टर मितभाषी होते. म्हणाले, "श्वास तिचा तिला घेता आला पाहिजे. आम्ही आमचं करतोय. पण एवढ्यात मला काही विचारू नका, मला तोंडावर खोटं बोलता येत नाही." बरोबर आलेली आई खबर घेऊन आधीच घरी गेली होती. ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कपडे आणायला म्हणून घरी निघालो. खरं तर मला तिथून पळायचं होतं.

दुपारची वेळ. गल्लीच्या तोंडाशीच मला तो वास आला. बडीशेप आणि वेलदोडा.

अंगणात तीन विटांवर मोठं पातेलं चढलं होतं आणि अम्मा ओढणी कमरेला खोचून भात ढवळत होती. ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. आई पायरीवर उभी होती.

"सांग रे ह्या बाईला काय तरी! पोर जगते का नाय त्याचा पत्ता नाय, पाचवी नाय झाली, न ही गावजेवण घालत्येय! सकाळधरनं सांगत्येय, ऐकत नाय."

मी अम्माजवळ गेलो. "हा भात कशाचा?"

"मुलगी घरी आली त्याचा."

"ती घरी आलेली नाही. पेटीत आहे."

"मालूम आहे मला."

"मग उतरवा तो."

ती ढवळत राहिली. खाली लागू नये म्हणून ढवळावं लागतंच, पण त्या क्षणी मला ते माझ्या छातीवर चालल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत मी तिच्या ताहिऱ्यांवर विनोद केले होते. आता माझ्या मुलीची होती. मी ओरडलो. गल्लीत दारं उघडली इतक्या मोठ्याने.

"आणि नाही आली घरी तर? घरोघर फिरून परत गोळा करणार का भात?"

तिचा हात थांबला. ताहिरी करताना तिचा हात थांबलेला मी तेव्हाच बघितला.

"लोकं आले होते," ती म्हणाली. "परत द्यायला."

मला कळेना. तिने बराकीकडे बोट केलं.

"इथेच. तेव्हा मध्ये गोणपाट होता. माझा मुलगा. लहान होता, ताप आला. मी ताहिरी केली, ताप उतरला म्हणून. सगळ्या बराकीत वाटली. दुपारी तो गेला." ती असं सांगत होती जसं कुणी रस्ता सांगावा. "बायका आल्या. ताटल्या ओढणीखाली झाकून आणल्या. कोणाला समजत नव्हतं, खायचं का फेकायचं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"मग?" हे मी विचारलं नव्हतं. आईने विचारलं होतं, पायरीवरून.

"मी बोलली, खावा. साईंला शुकर दिला, धन्यवाद दिला, तो परत घेत नाय."

पातेल्याखाली लाकूड तडतडलं. मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, "आणि त्यानंतरही तुम्ही हे..."

"त्यानंतरच तर." तिने माझ्याकडे बघितलं. दोऱ्याने बांधलेल्या त्या चष्म्यामागे तिचे डोळे कोरडे होते आणि फार स्वच्छ होते. "त्या दिवशी मी सकाळी शुकर बोलली होती म्हणून झालं, पुट. दुपारी माझ्याने झालं नसतं. बाद में मुँह खुले न खुले. म्हणून मी पहिलं बोलून घेते. जेव्हा तोंड उघडतंय तेव्हाच."

मी कारखान्यात मोठमोठे पंप चालू होताना पाहिलेत. एका क्षणी सगळी जमीन पायाखाली हलते आणि मग आवाज एका सुरात लागतो. तसं काहीतरी मला त्या अंगणात झालं. मला वाटत होतं, ही बाई देवाला आधीच पेढा चारून कामाला लावते. तिने तर देवाला कधी काही अटच घातली नव्हती. जे होईल ते होवो, माझं देणं मी देऊन मोकळी झाले, आता तुझं तू बघ, आणि मी माझं बघते, उठते, रांगेत उभी राहते. एवढं ओझं उचलून ही ठेंगणी म्हातारी रोज आमच्या समोर पापड लाटत होती आणि मी तिला वेडी समजत होतो.

आई पायरी उतरून आली, अम्माच्या हातातला डाव घेतला आणि म्हणाली, "द्या इकडं. खाली लागंल."

मग त्या दोघींनी मिळून ताटल्या भरल्या. आई रडत होती आणि भरत होती, आणि छोले कुणाला कमी पडतायत तेही बघत होती.

अम्माने हिच्यासाठी एक डबा भरून दिला. तो आणि कपड्यांची पिशवी घेऊन मी परत हॉस्पिटलला पोचलो, तर फाटकात फर्निचरवाले शेठ उभे, ताहिरी खाऊन आलेले. इतकी वर्षं मी ज्यांना चुकवून गटाराच्या गल्लीने गेलो ते. माझी पळायला वाट नव्हती. त्यांनी पुढे होऊन माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि रस्त्यावरचे लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाले, "मुबारक हो साईं! बेटी घर आ गई!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपने भी हमको ऐसे ही बोला था."

आत गेल्यावर मी नर्सबाईंना थोडा भात दिला. त्यांनी विचारलं, "अय्या, गोड कशाबद्दल? काय झालं?"

"व्हायचंय," मी म्हणालो. त्यांनी खाल्ला. डॉक्टरांनीही खाल्ला, काही न विचारता. ही उठून बसली आणि डबा संपवला. कशाचा भात ते मी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांच्यावर असे गेलेत त्यांना माहीत आहे. अम्मा रोज हिच्यासाठी डबा घेऊन हॉस्पिटलला यायची, डॉक्टर काय म्हणतात ते विचारायची, अमक्या औषधासाठी कुठे जायचं ते शोधून काढायची. पण पेटीजवळ एकदाही गेली नाही. "तिला मी घरी बघेन," म्हणाली.

घरी मात्र तिने वेगळाच उद्योग मांडला होता. आमची खोली झाडून, चुना लावून घेतली आणि आढ्याला आपल्या जुन्या ओढणीची झोळी टांगली. दुपारी ती झोळीशेजारी बसून मटार सोलायची आणि पायाच्या अंगठ्याने झोळीला झोका द्यायची. आता रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे पोरालासुद्धा माहीत असतं. आईला ते बघवेना. झोळी काढ म्हणावं, तर भाताच्या दिवसापासून तिला अम्माला काही म्हणता येत नव्हतं. तिने बराच विचार केला असावा. एके दिवशी मी घरी आलो, तर झोळीत काहीतरी होतं. दुपट्यात गुंडाळलेलं, वर टोपडं घातलेलं. वाकून बघितलं, तर आमचा वरवंटा.

"रिकामी नको," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "बारशाला घालतातच की वरवंटा पाळण्यात. आपण जरा आधी घातला."

कायदे करणाऱ्या माझ्या आईच्या तोंडी 'जरा आधी' हे शब्द! आणि झोळीत दुपटं, टोपडं, जे आणायला बंदी होती ते सगळं. ते तिने कधी, कुठून आणलं, मी विचारलं नाही. तेवढे दिवस आमच्याकडे वाटणघाटण बंद होतं. आम्ही बिनचटणीचं जेवत होतो, एक म्हातारी झोका देत होती आणि दुसरी वरवंट्याचं टोपडं नीट करत होती.

मुलगी घरी आली. डॉक्टरांनी सोडताना पहिल्यांदा हसून सांगितलं, "आता विचारा काय विचारायचं ते." मला काहीच विचारायचं नव्हतं. रिक्षा अंगणात थांबली तेव्हा अम्मा झोळीशीच बसली होती. ती उठलीसुद्धा नाही. हिने दुपटं तिच्यापुढे धरलं, तशी वाकून म्हणाली, "आली? इतका उशीर?" जणू पोरगी शाळेतून वाटेत रेंगाळत आली होती. आईने वरवंटा झोळीतून काढला, त्याला नमस्कार केला, आणि त्यावर पुन्हा कधी मिरची वाटू दिली नाही. "त्याला तिखट कसं लावू?" नवीन पाटा-वरवंटा घ्यावा लागला.

मी अम्माला म्हटलं, "आता करू या ताहिरी, मोठ्ठी. लाकडं मी आणतो."

"कशाला?" तिने मला पापड दिला. "झाला ना शुकर."

पुढे आम्ही बदलापूरला स्वतःच्या घरात राहायला गेलो. सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन अम्माकडे फेरी व्हायची. अम्मा थकत गेली, पण अंगणात विटा मांडायची थांबली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, मुलगी हायस्कुलात असताना, फर्निचरवाल्या शेठचा निरोप आला. अम्मा सकाळी फळीपुढे ज्योत लावायला बसली आणि तिथेच भिंतीला टेकली. आम्ही गेलो. सगळी गल्ली होती. त्या गर्दीत किती जण कुठल्या ना कुठल्या ताहिरीची माणसं होती कोण जाणे. शेठने माझा हात धरला.

संध्याकाळी घरी परत आलो. अंघोळी झाल्या. मी बाहेरच्या खोलीत दिवा न लावता बसलो होतो. मला एकच विचार छळत होता. सगळ्यांचं आधी बोलून ठेवणारी ही बाई, तिच्या वेळी तिच्यासाठी आधी कोण बोललं? आणि आता बोलायला गेलो तर माझं तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात वास आला. बडीशेप, वेलदोडा.

मी स्वयंपाकघरात गेलो. ही डोळे पुसत भात ढवळत होती. ओट्यावर मुलगी ताटल्या मांडत होती.

"आजच्या दिवशी गोड?" मी विचारलं. "कशाचं?"

"अम्मा पोचली त्याचं."

"पोचली हे तुला कुणी सांगितलं?"

हिने डाव पातेल्याच्या काठावर ठोकला, पहिली ताटली भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, कुणी येऊन सांगितल्यावर करायचा असतो का हा भात? जा, शेजारी देऊन या. गरम आहे तोवर."